पानांनी ऐकलेली तीन मिनिटं

टक. टक. टक.

स्वयंपाकघरात बाबा गॅसचं बटण बंद आहे ना ते बघत होते. एकदा बघून त्यांचं कधीच भागत नाही. बोटाच्या पेराने तीनदा टिचकी मारतात, पाठ फिरवतात, दारापर्यंत येतात आणि परत जाऊन पुन्हा तीनदा. दाराची कडी, नळ, अबोलीच्या दप्तराची चेन, तिच्या छोट्या सायकलचा ब्रेक, सगळ्याला टिचक्या. "तुझ्या बापाला टिचकीचा आजार आहे," मावशी म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो.

त्या दुपारी हसू आलं नाही. कानांवरचे हेडफोन काढून मी नुकतेच मांडीवर ठेवले होते. शेजारी अबोली पालथी झोपली होती, तोंड उघडं, गालावर चटईची नक्षी. घर इतकं शांत होतं की त्या टिचक्या मला पाठीच्या मणक्यात ऐकू आल्या. बाबा सत्तावीस वर्षं काय तपासतायत, ते मला पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं.

माझी आई भार्गवी कोचरेकर. सहावीच्या पुस्तकात तिच्यावर अर्धा परिच्छेद आहे. बाकीचा सगळा धडा नाबरसरांचा. रामकृष्ण नाबर म्हणजे कोकणातल्या एका उघड्या सड्यावर, जिथे पावसाळा सरला की गवतही तग धरत नाही, तिथे प्रक्षेपणतळ उभा करणारा माणूस. माणसाला घेऊन अंतराळात जाणारं देशातलं पहिलं खाजगी यान त्यांनी बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं 'टिटवी'. गावातल्या बायकांनी कपाळाला हात लावला. टिटवी ओरडली की घरातलं कुणीतरी जातं म्हणतात. सर म्हणाले, "टिटवी कातळावर अंडी घालते आणि अंगावर गुरं आली तरी हलत नाही. मला असाच पक्षी हवाय."

आई त्या यानाची वैमानिक. बाबा त्याच तळावर फिटर. "बायको आभाळात नि नवरा नटबोल्टात," असं लग्नात कुणीतरी उखाण्यासारखं म्हटलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने आई हसली होती म्हणे.

मी चार वर्षांची असताना टिटवी उडाली. एकाहत्तराव्या सेकंदाला खालचा टप्पा फाटला. अशा वेळेसाठी कॅप्सूलमध्ये, वैमानिकाच्या उजव्या गुडघ्यापाशी, एक पिवळी मूठ होती. ती ओढली की कॅप्सूल बाजूला फेकली जाते आणि छत्री उघडते. मूठ ओढली गेली नाही. रेडिओ पहिल्याच धक्क्याला गेला. कॅप्सूल अख्खीच्या अख्खी अडीच मिनिटं पडत राहिली आणि समुद्रात फुटली.

'वैमानिकाच्या क्षणभराच्या दुविधेमुळे सुटकेची संधी हुकली,' असं पुस्तकात आहे. त्याच्याखाली सरांचं वाक्य, ठळक टायपात: 'माणूस कचरतो, यंत्र कचरत नाही.' त्यानंतर सरांनी प्रत्येक यानात आपोआप सुटणारी कॅप्सूल बसवली. तिने आजवर अकरा माणसांचे जीव वाचवलेत. हे खरं आहे, आणि म्हणूनच वरचं वाक्य पुसायला कुणी हात लावत नाही.

सहावीत बाईंनी तो परिच्छेद माझ्याकडे न बघता वाचला. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या मुलीने खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "शाल्मली, तुझी आई घाबरली होती का गं?" घरी येऊन मी ते बाबांना सांगितलं. ते उठले, बाहेर गेले आणि फाटकाची कडी वाजवत बसले.

*

आता त्याच सड्यावर संग्रहालय आहे. सर गेले त्याला सहा वर्षं झाली. 'आरंभीची माणसं' नावाचं नवं दालन उघडायचंय आणि मी तिथे ज्या यंत्रावर काम करते त्याला आम्ही 'डोळकान' म्हणतो. अबोलीचा बाप बोटीवर असतो, सहा महिन्यांनी येतो. म्हणून मला घरून काम करायची मुभा आहे. अबोली झोपते तेवढा वेळ माझा.

डोळकानाचं तत्त्व साधं आहे. आवाज म्हणजे हवेचे धक्के. हे धक्के ज्याच्यावर आदळतात ते हलतं: पडदा, कागद, कुरमुऱ्यांची पिशवी. हे हलणं इतकं बारीक असतं की एका केसाच्या जाडीत त्याचे हजार भाग बसतील. डोळ्याला दिसत नाही. पण कॅमेऱ्यात त्या वस्तूच्या कडेचा एखादा ठिपका किंचित उजळ होतो, किंचित मंद होतो. सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा असेल, तर त्या उजळण्या-मंदावण्याचा आलेख काढता येतो आणि आलेखावरून आवाज. म्हणजे जिथे फक्त मुकं चित्रीकरण आहे तिथे, चौकटीत एखादी हलकी वस्तू सापडली तर, ती वस्तूच कान होते.

प्रक्षेपणतळावर असे कॅमेरे असतातच. उड्डाणाच्या क्षणी काय तुटलं, काय निसटलं ते पुढे सावकाश बघता यावं म्हणून. टिटवीच्या दिवशी त्यातला एक, चाचणीसाठी, दार लावण्याच्या आधीच सुरू केला होता. तो रोखलेला होता कॅप्सूलच्या दाराबाहेरच्या खोलीवर. आतलं काही दिसत नाही. दिसते फक्त चौकट, आणि चौकटीला बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण.

नेमक्या त्या तीन मिनिटांचा आवाज कुठेच नाही. कारण यानाचं नाव. टिटवी म्हटल्यावर तळावरची गावची माणसं अडून बसली होती: गाऱ्हाणं घातल्याशिवाय दार लावायचं नाही. नवं घर असो, होडी असो, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सरांनी मान्य केलं. पण टीव्हीवर थेट प्रक्षेपण चाललेलं, विम्याचे परदेशी लोक ऐकतायत; त्यांच्या कानी हे पडू नये म्हणून सरांनी तळावरचे सगळे माइक थोडे आधीपासून दार लागेपर्यंत बंद ठेवायला सांगितले. चौकशी अहवालात एवढीच नोंद आहे: 'ध्वनी बंद. धार्मिक विधी. तांत्रिक कामकाज स्थगित.'

मला हवं होतं ते गाऱ्हाणं. दालनात अग्निबाणाच्या प्रतिकृतीखाली ते ऐकू आलं तर किती छान, असं वाटलं होतं. दोन महिने मी आंब्याची पानं तोडून टांगत होते. तोडल्यावर पाच तासांनी पान किती कडक होतं, कुठल्या स्वराला कसं थरथरतं, ते यंत्राला शिकवत होते. समुद्राचा वारा वजा केला, इंधनाचा फूत्कार वजा केला. आणि त्या दुपारी पानं बोलली.

आवाज कोरडा होता, कागदावर नख ओढावं तसा. पण माणसाचाच.

"एक," बाबांचा आवाज. तरुण, घाईतला. मग खट्.

"एक," एका बाईचा आवाज.

माझ्याकडे आईचा घरातला आवाज नव्हता. तिच्या मुलाखती आहेत, पण त्यात ती शिकवल्यासारखी बोलते. ही बाई खालच्या पट्टीत, जराशी हसत बोलत होती. मी पडद्यावर हात ठेवला, जसा झोपलेल्या अबोलीच्या पाठीवर ठेवते तसा.

"दोन." खट्. "दोन."

ते काय चाललंय ते मला माहीत होतं. यानात चुकून काही सुरू होऊ नये म्हणून सात ठिकाणी लाल फितीच्या पिना घातलेल्या असतात. सातवी त्या पिवळ्या मुठीला. दार लावण्याआधी फिटर एकेक पिन उपसतो आणि आकडा बोलतो; वैमानिक तोच आकडा परत म्हणतो. हेल्मेटच्या गळपट्टीमुळे वैमानिकाला स्वतःच्या गुडघ्याकडे बघता येत नाही. फिटरचा शब्द हेच त्याचे डोळे.

"सहा." खट्. "सहा."

आणि मग बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पायतणां काडा रे! हात जोडा!"

गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या यान वर जाता हा, तेका सुखरूप ने नि सुखरूप परत हाड रे म्हाराजा..." आणि वीस-पंचवीस गळे: "व्हय म्हाराजा!" तोरणाचं प्रत्येक पान त्या आवाजाने चौकटभर हललं. माझ्या अंगावर काटा आला. सुंदर होतं ते.

संपलं. पायांचे आवाज. मग आई:

"सात झाली ना रे, दिगू?"

"झाली गो. कितीदा विचारशील?"

"आणि चेडू जेवला काय?"

"तुझ्यासारखीच हट्टी आपली शालू. दोन घास खाल्ले."

दार लागल्याचा जड, बसका आवाज.

मी ते अकरा वेळा ऐकलं. वारा परत मिसळला, परत वजा केला. खट् सहाच होते.

*

मी हेडफोन मांडीवर घेऊन बसलेली असताना फोन वाजला. अबोली उठू नये म्हणून मी पटकन उचलला. संग्रहालयाच्या प्रमुख, काझी मॅडम.

"शाल्मली, भिंतीवरचे मजकूर सोमवारी कोरायला जातायत. तुझ्या आईचा परिच्छेद पुस्तकातलाच घेतलाय गं, मला बरं नाही वाटत, पण दुसरं काही कागदावर नाही. त्या चित्रीकरणातून लागलं का काही हाताला?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "वाराच आहे नुसता."

मी ठरवून म्हटलं नव्हतं. जीभ माझ्या आधी बोलली. समोर अबोलीच्या मुठीत बाबांच्या जुन्या मोज्याची बाहुली होती. रोज तिला शाळेतून आणतात ते बाबा. तिची वेणी घालतात ते बाबा, तीही तीन-तीनदा सोडून बांधून.

"बरं. मग जुनंच जाऊ दे," मॅडम म्हणाल्या.

फोन ठेवून वळले तर दारात बाबा उभे होते. हातात फडकं. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, पडद्यावर होती. तिथे तोरण थांबलेलं होतं, मधलं पान जरा वाकडं.

"पेडणेकराच्या कलमाची पानं ती," ते म्हणाले. "मीच आणली होती. सकाळी सहाला."

"बाबा..."

"वारा नाही ना तो?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलले होतेच. पण त्यांनी चष्मा काढला, फडक्याने पुसला, आणि लहान मुलासारखं विचारलं, "ती बोलते त्यात?"

"बोलते."

"माका ऐकव." बाबा एरवी पुस्तकी मराठी बोलतात, कंपनीची सवय. मालवणी त्यांच्या तोंडून निसटते तेव्हा आतलं काहीतरी सुटलेलं असतं.

मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले. त्यांचा चेहरा बघायचा नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. पहिल्या 'एक'ला त्यांनी डोळे मिटले. प्रत्येक आकड्याला ओठ हलत होते. गाऱ्हाण्याला, त्यांना कळायच्या आत, हात जोडले गेले आणि तोंडातून हलकंसं निघालं, "व्हय म्हाराजा." मग 'सात झाली ना रे'. त्यांनी हेडफोन काढले नाहीत. चेडू जेवला काय, तिथपर्यंत ऐकलं. मग पुन्हा सुरुवातीला नेऊन पुन्हा ऐकलं.

"हात लागला होता," शेवटी ते म्हणाले. "सातवीला माझा हात लागलेला होता, शालू. बोटांत फीत धरली होती. तेवढ्यात हाक आली, हात जोडा. एका हातात पिन धरून देवाला हात कसे जोडणार? सोडली. गाऱ्हाणं संपलं तेव्हा हाताला वाटत होतं, झालं. खरंच वाटत होतं. मी तिला खोटं नाही सांगितलं."

"मला माहितेय."

"पिना दार लावण्याआधी फळीवर टांगायच्या असतात. सात खिळे, सात पिना. त्या दिवशी तीन मिनिटं गेली होती म्हणून सगळे घाई करत होते. मी तशाच खिशात टाकल्या. ती पडल्यावर... ती पडल्यावर मी खिशात हात घातला."

स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरला आणि थांबला. खिडकीचा पडदा हलला. मला एकदम वाटलं, हळू बोलावं. या यंत्रावर काम करायला लागल्यापासून मला कुठल्याच पडद्याचा भरवसा वाटत नाही.

"कुणाला सांगितलंत?"

"त्याच संध्याकाळी सरांना. कागदही लिहून नेला होता. सरांनी वाचला. रडले. मग म्हणाले, 'दिगंबर, हा कागद दिलास तर तू तुरुंगात जाशील. पोरीची आई गेलीच आहे. बापही देतोस?'" बाबांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "त्यांना कंपनीही वाचवायची असेल. गाऱ्हाण्यापायी माणूस मेला, असं छापून आलं असतं तर तळ बंद झाला असता. पण ते तुझ्यासाठीच बोलले, असं मी धरून चाललो. मला ते धरायला बरं होतं."

"आणि आई?"

"ती घाबरट ठरली." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. "तू सहावीतून रडत आलीस तेव्हा वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, हिच्याकडे मी एकटाच आहे. रोज असं काहीतरी वाटायचं. सत्तावीस वर्षं झाली."

मला राग यायला हवा होता. येतही होता, पण तो त्यांच्यापर्यंत पोचेना. मध्ये ते मोज्याचं बाहुलं होतं, ती वेणी होती, माझ्या बाळंतपणात त्यांनी शिजवलेली नाचणीची पेज होती. आणि पलीकडे एक बाई, जी अडीच मिनिटं एक मूठ ओढत होती आणि जिच्याबद्दल आम्ही मुलांना शिकवतो की ती कचरली.

"पुसून टाकते," मी म्हणाले. "कुणाला कळणार नाही. अबोली पाच वर्षांची आहे, बाबा. तिच्या शाळेतसुद्धा कुणीतरी विचारेल."

बाबा हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

"सर अगदी असंच बोलले होते. याच आवाजात." ते उठले. "एका पोरीसाठी एकदा गप्प बसलो. दुसऱ्या पोरीसाठी नाही बसणार. लाव फोन तुझ्या मॅडमना."

मी लावला नाही. दोन दिवस लावला नाही. फाइल पुसायच्या बटणावर बोट नेलं आणि आणलं. शनिवारी अबोलीला बालवाडीत सोडून परत येताना, का कोण जाणे, सड्यावर गेले. दालन अर्धवट तयार होतं. आईच्या फोटोखालची पाटी तिथे कागदावर चिकटवलेली होती, कोरण्याआधी जागा बघायला. तिथे काम करणारी एक बाई आपल्या मुलीला ती वाचून दाखवत होती. "दुविधा म्हणजे काय गं?" मुलीने विचारलं. "म्हणजे भीती," बाई म्हणाली आणि दोघी पुढच्या फोटोकडे गेल्या.

मी तिथूनच फोन केला. "मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले."

काझी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वकील बघून ठेव. आणि पाटी कोण लिहिणार?"

पाटी बाबांनी लिहिली. तीन ओळी. 'सुटकेच्या मुठीतली सातवी पिन मी काढली नाही. भार्गवीने विचारलं तेव्हा झाली म्हणालो. ती कचरली नव्हती. दिगंबर कोचरेकर, फिटर.' मी म्हणाले, गाऱ्हाण्याचंही लिहा, माइक बंद केल्याचं, सरांचं. ते नको म्हणाले. "ते चौकशीत सांगेन. तिथे सगळं सांगेन. इथे तिच्या फोटोखाली मी एकटाच उभा राहतो."

*

अबोलीला सांगायचं काम त्यांनी मला करू दिलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दोघं ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. मी आतून, दाराच्या आडून ऐकत होते.

"अबू, तुझी आजी आकाशात गेली होती ना, तिच्या यानात मला एक काम होतं. एक पिन काढायची होती. मी विसरलो."

"मी पण डबा विसरते," अबोली म्हणाली.

"हो. पण तो डबा असतो."

आठळी सोलल्याचा आवाज. "मग काय झालं?"

"मग आजीला बाहेर येता आलं नाही."

मग तिने आपल्या वाट्याची एक सोललेली आठळी त्यांच्या वाटीत टाकली. बाबांनी तोंड फिरवलं.

दहा वाजता वकिलांची गाडी आली. जबाब द्यायला तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जायचं होतं. बाबांनी पांढरा शर्ट घातला, पैठणीसारखा जपून ठेवलेला. जाताना गॅसपाशी गेले नाहीत. कडीलाही हात लावला नाही. नुसते चपला घालून उतरले, आणि त्यामुळे मला इतकी भीती वाटली की मीच मागे जाऊन बटण बघून आले.

दुपारी अबोलीचे केस विंचरत होते. ती आरशात स्वतःकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"आबा परत येणार आहेत?"

"आज येणार आहेत." उद्याचं, परवाचं मी बोलले नाही.

"आजीला दुखलं?"

"पडताना नाही. मग एकदम झालं सगळं."

"किती वेळ पडत होती?"

"अडीच मिनिटं."

तिने विचार केला. "म्हणजे मला दात घासायला लागतात तेवढी?"

"हो, तेवढीच."

"तेवढा वेळ ती ओढत होती?"

"हो, राजा."

कंगवा केसांत अडकला. मी तो सोडवत राहिले. मग मान वळवून तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

"आई, मग तेवढ्या वेळात आजीला कळलं असेल का गं, की आबाच विसरलेत?"